टेकू मिस्त्रीचे तीन ठोके

"माणूस सोडा, वर चिमणीसुद्धा नको," टेकू मिस्त्री म्हणाला. "बाई, परत विचारतो. वर कोणी नाही ना?"

"स्वतः बघून आलात ना आत्ता?" घरमालकीण म्हणाली. शाळेत शिकवणारी बाई. दोनदा सांगायची सवय नव्हती.

बघितलं होतं खरं. कोपऱ्यात एक पलंग, खिडकीत चार कुंड्या, बाकी खोली रिकामी.

खाली स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधली वीटभिंत सात फूट उघडायची होती. ही काही नुसती आडभिंत नव्हती. वरच्या खोलीची जमीन, भिंत, छप्पर, सगळा भार हिच्याच डोक्यावर. असल्या भिंतीला हात घालायला भलेभले मिस्त्री कां-कूं करतात.

त्याचं खरं नाव कोणाला आठवत नसे. दोन टेकूंवर भागतं तिथं हा चार लावणार, म्हणून टेकू मिस्त्री. लोक हसायचे. हसेनात का! त्यांना आतली गोष्ट कुठं माहीत होती?

सव्वीस वर्षांपूर्वी तो उस्तादांच्या हाताखाली होता. एका कामावर मसाला ओला असतानाच यानं घाईनं टेकू काढले आणि वरच्या भिंतीला बोटभर भेग गेली. कोणी दगावलं नाही, हे नशीब. उस्तादांनी तिथल्या तिथं त्याची थापी काढून घेतली आणि चारचौघांत म्हणाले, "तुझ्या टेकूवर मी माझं कुत्रंसुद्धा झोपवणार नाही!"

पुढं यानं शंभरावर भिंती उघडल्या; एकीला केसाएवढी चीर नाही. पण ते वाक्य काही मनातून गेलं नाही. उस्ताद मुलाकडे राहायला गेले, मग पत्ताच लागला नाही. एकदा तरी माझं काम बघा, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

"माझं नाव कोणी सुचवलं?" त्यानं बाईला विचारलं.

"घरच्यांनीच," असं म्हणून बाई आत गेली.

काम सुरू झालं. भिंतीत वरच्या अंगाला भोकं पाडून त्यानं लोखंडी तुळया आरपार घातल्या. प्रत्येक तुळईच्या दोन्ही टोकांखाली टेकू, टेकूखाली जाड फळी. टेकू आवळून झाला की त्यावर हातोडीच्या दांड्यानं तीन ठोके. ही उस्तादांची रीत. तेव्हा वर एक माणूस असायचा, पाण्यानं भरलेली परात जमिनीवर ठेवून. पाणी एका बाजूला कललं नाही, की तोही तीन ठोके देणार. टेकू मिस्त्री वर माणूस ठेवत नसे. ठोके मात्र सवयीनं द्यायचा आणि क्षणभर थांबायचा.

"उत्तर कोण देणारंय दाजी, कुंड्या?" हाताखाली काम करणारा त्याचा मेव्हणा म्हणायचा. कामाला वाघ, पण जिभेला हाड नाही.

दुपारी काम थांबलं की बाई तांब्या आणि पेपर घेऊन जिना चढायची.

"या कुंड्या पेपरही वाचतात वाटतं!"

"धूळ बसते, झाकायला नेते," बाई म्हणाली.

"तू गप पाचर दे रे," टेकू मिस्त्रीनं मेव्हण्याला दटावलं.

टेकूंवर भार आल्यावर त्यांनी खालच्या विटा एकेक करून काढल्या. दोन्ही कडांना काँक्रीटच्या बैठका केल्या आणि त्यांवर गर्डर चढवला. गर्डर आणि वरच्या विटा यांच्यातली फट त्यानं कमी पाण्याच्या मसाल्यानं ठासून भरली. मग वरच्या विटांवर काचेची एक पातळ पट्टी चिकटवली. भिंत नखभर जरी खचली तरी काच तडकणार.

"आता आठ दिवस हात लावायचा नाही," त्यानं बजावलं. घाईचं फळ त्यानं एकदा चाखलं होतं.

नवव्या दिवशी त्यानं टेकू सोडवायला घेतले. एक फेरा, थांब. दुसरा फेरा, थांब. त्याचा शर्ट घामानं चिंब झाला. शेवटचा टेकू खाली आला तरी काच तशीच, अख्खी. स्वयंपाकघरातला उजेड पहिल्यांदाच पुढच्या खोलीत पसरला.

"मानलं, दाजी!" मेव्हणा म्हणाला, आणि या वेळी त्याला चेष्टा सुचली नाही.

टेकू मिस्त्रीची छाती भरून आली. आत्ता उस्ताद हवे होते, त्याला वाटलं. त्यानं हातोडी उलटी धरली आणि गर्डरवर तीन ठोके दिले.

वरून उत्तर आलं. ठक. ठक. ठक.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई! वर कोण आहे?"

"रागावू नका, मिस्त्री. सासरे आहेत माझे. तुम्ही वर बघायला आलात तेव्हा गच्चीत जाऊन बसले होते. ऐकतील तर ते कसले! तुम्ही खाली उतरल्यावर त्यांनी पलंग बरोब्बर या भिंतीच्या डोक्यावर सरकवून घेतला आणि शेजारी परात भरून ठेवली. तेव्हापासून रात्रंदिवस तिथंच. तुमचे ठोके ऐकले की काठी उचलायचे, मीच धरून ठेवायचे."

"पण का?"

"ते मला नाही सांगितलं. काम संपलं की तुम्हाला एक निरोप द्यायला सांगितलाय." बाईनं आठवून शब्दाला शब्द सांगितला. "'त्याला म्हणावं, कुत्रं नव्हतं घरात, म्हणून मीच झोपलो.'"