वरची वाट

शवपेटी पुढच्या खोलीत होती. बाहेरचा रस्ता माणसांनी भरला होता. सगळे काळ्या कोटात, टोप्या हातात घेऊन मुकाट उभे होते. प्रॉसर तेवढा आत आला. तो खाणीच्या युनियनचा अध्यक्ष. गावात कुणी खाणीत मेलं की पुढचं सगळं तोच बघायचा.

"ओल्वेनबाई, निघायला हवं," तो म्हणाला. "एक विचारायचं राहिलं. पेटीच्या मागे पहिला कोण चालणार? घरचा पुरुष लागतो."

घरात पुरुष उरला नव्हता. ओल्वेनचा नवरा पूर्वीच खाणीतल्या अपघातात गेला होता. मुलगा इद्रिस, एकुलता एक. परवा खाली काम करताना त्याच्या अंगावर छत कोसळलं.

"मी चालते," ओल्वेन म्हणाली.

"तसं कसं होईल? आपल्यात बायका दफनाला जात नाहीत."

"माहीत आहे. त्याच्या बापालाही मी दारातूनच निरोप दिला होता."

मागच्या स्वयंपाकघरात शेजारणी परत येणाऱ्या माणसांसाठी खाणं मांडत होत्या. "अगं, किती पातळ कापतेस मांस," बेथान कुणाला तरी म्हणत होती, "पलीकडचं दिसतंय त्यातून."

"तुझा नवरा खायला असता तर जाड कापलं असतं, बाई. त्याला पुरवून पुरवून गाव थकलं होतं."

बेथान हसली. तिचा रीसही खाणीतच गेला होता. इतक्यात मागचं दार उघडलं आणि सगळ्याजणी गप्प झाल्या. ओल्वेनचा धाकटा भाऊ गेथिन आत येत होता. काळा कोट, घासून स्वच्छ केलेले बूट. तो कुणाकडे न बघता पुढच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबला.

मोठ्या संपात सगळं गाव उपाशी असताना गेथिन कामावर गेला होता. त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. बहीणसुद्धा.

प्रॉसरनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "ओल्वेनबाई," तो म्हणाला, "हा जर पेटीमागे उभा राहिला, तर बाहेरचे सगळे टोप्या घालतील आणि आपापल्या घरी जातील. मी अडवू शकणार नाही. खरं सांगायचं तर मीही जाईन."

"इद्रिसला एकट्याला पाठवायचं?"

"एकटा कुठं? अख्खं गाव आहे त्याच्यामागे."

"गाव आहे. रक्ताचं कोण आहे?"

ओल्वेननं पेटीच्या कडेवर हात ठेवला. मग तिनं भावाकडे तोंड केलं.

"ऐकलंस ना, गेथिन?"

आठ वर्षांत त्याचं नाव तिच्या तोंडी पहिल्यांदा आलं होतं.

"ऐकलं," तो म्हणाला. "ताई, ह्यांना सांग, मी रस्त्यावर येत नाही. पण डोंगर काही युनियनचा नाही."

"त्याला सांगा," प्रॉसर पेटीकडे बघत म्हणाला, "डोंगरावर मेंढ्या चढतात. त्या काही आम्हाला विचारून चढत नाहीत."

गेथिननं मान हलवली आणि आला तसा मागच्या दारानं गेला.

बाहेर गाणं सुरू झालं. चार जणांनी पेटी उचलली. पुढचं दार उघडलं आणि थोड्या वेळानं बंद झालं. आवाज रस्त्यानं वर वर जात राहिला, वळणापाशी पोचला आणि ऐकू येईनासा झाला. घरात फक्त बायका उरल्या.

ओल्वेन स्वयंपाकघरात गेली आणि मागच्या खिडकीशी उभी राहिली. तिथून रस्ता दिसत नव्हता. दिसत होता तो डोंगर, आणि त्याच्या अंगावरून रस्त्याच्या वरच्या बाजूनं जाणारी मेंढ्यांची वाट. त्या वाटेवर एक काळा कोट सावकाश चालला होता.

बेथाननं पडद्याला हात घातला. "लावून टाकते. आज तरी तो माणूस डोळ्यांपुढे नको."

"असू दे उघडा."

"अगं, पण..."

"तो खाली बघत चाललाय," ओल्वेन म्हणाली. "ते चालले की हा चालतो."

बेथाननं पडदा सोडला नाही, पण ओढलाही नाही.

वाटेवरचा माणूस थांबला.

"खांदेकरी बदलताहेत," ओल्वेन म्हणाली.

तो परत चालू लागला. हातातलं काम टाकून शेजारणी एकेक करून खिडकीशी आल्या. कुणी कुणाला बोलावलं नाही. तो पुन्हा थांबला, पुन्हा निघाला. चढ लागला तसा आणखी सावकाश.

"माझ्या रीसला नेलं," बेथान हळूच म्हणाली, "तेव्हा मी इथंच होते, भांडी पुसत. कुठवर पोचला, केव्हा ठेवला, काही कळलं नाही. परत आल्यावर माणसं म्हणाली, छान झालं सगळं."

डोंगराच्या खांद्यापाशी, दफनभूमीच्या बरोबर वर, तो माणूस थांबला तो पुढे गेलाच नाही. त्यानं टोपी काढली आणि खाली बघत उभा राहिला. वारा होता. त्याचा कोट अंगाला चिकटत होता आणि सुटत होता. बऱ्याच वेळानं तो वाकला. जिथं उभा होता तिथलीच मूठभर माती उचलून त्यानं खाली उतारावर टाकली.

"झालं," ओल्वेन म्हणाली आणि वळली.

बेथाननं तिचा दंड धरला.

"थांब," ती म्हणाली. "अजून टोपी घातली नाही त्यानं."