चार गुणांचं उत्तर

सकाळभर शाळेत शिकवून सुलक्षणाबाई बोरिवलीच्या समाजमंदिरात आल्या, तेव्हा त्यांचा घसा पार बसला होता. समोर नऊ बायका. बहुतेक घरोघरची धुणीभांडी उरकून आलेल्या, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलेल्या. परीक्षेला आठ दिवस उरले होते.

बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला : युरोपातले लोक मायदेश सोडून अमेरिकेला का गेले?

“धर्मावरून छळ, दुष्काळ, जमिनीचा तुटवडा आणि तिकडे मिळणारं काम. चार कारणं, चार गुण. पाठच करून टाका.”

सगळ्यांची पेनं चालू झाली. जानकीचं तेवढं थांबलेलं. मूळची कोकणातली, पन्नाशीची जानकी एका बालवाडीत मदतनीस होती. दहावी झाली तर तिला कायम करणार होते. इतिहासात दोनदा नापास झाली होती.

“काय झालं, जानकीताई?”

“बाई, बायकापण गेल्या?”

“गेल्या ना. अख्खं कुटुंबच जायचं.”

“गेल्या की नेल्या?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सुलक्षणाबाईंना हसू आलं नाही आणि रागही आला नाही. तेवढं त्राणच नव्हतं.

“पुस्तकात नाहीये ते,” त्या म्हणाल्या.

“माका दिरान एस्टीत बसवल्यान,” जानकी म्हणाली. “सतरा वर्सांची होतंय. बोरिवली खंय आसा, तां उतरल्यावर कळलां.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. अजून नकाशा राहिला होता.

“जानकीताई, दोनदा गेलाय तुमचा हा पेपर. या वेळी चार कारणं लिहा आणि सुटा.”

“व्हय,” म्हणत जानकीने मान खाली घातली आणि लिहायला लागली.

अर्ध्या तासाने बाईंनी वह्या गोळा केल्या. जानकीच्या वहीत चारही कारणं होती, आकडे घालून, शुद्धलेखनाची एक चूक नाही. खाली एक ओळ सोडून तिने लिहिलं होतं : ही कारणे पुरुषांची आहेत.

बाईंनी चारपैकी चार दिले. मग लाल पेन त्या शेवटच्या ओळीवर नेलं. बराच वेळ त्या ते तसंच धरून बसल्या. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“परीक्षेत हे लिहू नका हं,” वही परत देताना त्या हळूच म्हणाल्या.

“नाय लिवनार,” जानकी म्हणाली. “तां फकत तुमका सांगलंय.”