न सापडलेल्या गोष्टींची यादी

“‘शिट्टी वाजते, परंतु थांबत नाही.’ हे चार वेळा,” कादंबरीने यादीतली तिसरी ओळ वाचली.

काउंटरमागच्या खुर्चीत बाबांनी डोळे मिटले. “लिही. शिट्टी थांबत नसल्यास गॅस बंद करावा. तरीही न थांबल्यास ती शिट्टी शेजाऱ्यांची आहे.”

“बाबा, लोक मदत शोधतायत.”

“मग मी काय करतोय?”

कादंबरीने लॅपटॉपवर वाक्य जसंच्या तसं उतरवलं.

मंडईमागच्या गल्लीत बाबांचं, म्हणजे श्रीनिवासरावांचं, कुकर, मिक्सर आणि शेगड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. वर्षापूर्वी लेकीने त्याची वेबसाइट केली. खराडीतल्या कंपनीत तिचं कामच ते होतं. मोठ्या दुकानांच्या वेबसाइटवर लोक शोधायच्या चौकटीत काय टाइप करतात आणि काय न सापडता निघून जातात, ते बघायचं. मग जे सापडलं नाही, त्याचं पान लिहून घ्यायचं.

“गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकायचं, एवढंच,” तिने बाबांना सांगितलं होतं.

“ते मी चाळीस वर्षं करतोय. मला कुणी एसी लावून दिला नाही.”

पण तेव्हापासून दर शनिवारी ती दुकानाच्या वेबसाइटवर आठवड्याभरात न सापडलेल्या गोष्टींची यादी छापून आणायची. बाबा मजकूर सांगायचे, ती लिहून घ्यायची. वर्षभरात चारशेच्या वर पानं झाली. त्यातल्या निम्म्या पानांवर गिऱ्हाइकाचा अपमान होता.

बाबांचा एक जुना नियम होता. कामाशिवाय कुणाच्या दारात उभं राहू नये. समोरच्याचा वेळ जातो आणि चहाही. आई होती तोवर नियमाला थोडी पळवाट होती. ती गेल्यावर बापलेक गणपतीत आणि दिवाळीत भेटत, आणि दोन्ही वेळा घड्याळ बघत. आता यादी होती. यादी म्हणजे काम.

पंचवीस वर्षं दुकानात असलेले, बाबांना अण्णा म्हणणारे रामदासकाका स्टुलावर बसून रबरी रिंगा निवडत होते. “ताई, इतकं शोधतात, मग दुकानात का येत नाहीत हे लोक?”

“पुढची ओळ,” कादंबरी म्हणाली. “‘गॅसच्या शेगडीस राग येतो काय?’ दोन वेळा.”

रामदासकाकांना ठसका लागला.

“हा कोण मूर्ख?” बाबांनी त्यांच्याकडे बघत विचारलं.

“गिऱ्हाईक आहे, बाबा.”

“मग लिही. शेगडीस राग येत नाही. बर्नर साफ न करणाऱ्या मालकाची तिला लाज वाटते.”

अकरा ओळी झाल्या, दोन चहा झाले. ती उठली तेव्हा बाबा रिंगांच्या खोक्यात बघत म्हणाले, “पुढच्या शनिवारी कुणी काही शोधलं नसेल, तर उगाच एवढ्या लांब पेट्रोल जाळत येऊ नकोस.”

“नाही येणार,” कादंबरी म्हणाली. “कामाशिवाय कशाला येईन?”

“बरोबर.”

मंगळवारी दुपारी बाबा त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेले. रामदासकाकांना बराच वेळ वाटत होतं, की ते डोळे मिटून मजकूर जुळवतायत.

दिवसकार्य झालं. तेराव्याला आलेल्यांपैकी दोघांनी निघताना हळूच कुकरच्या रिंगेची चौकशी केली. कादंबरीने माप विचारून घेतलं.

त्यानंतरच्या शनिवारी ती दुकानात आली. तिने लॅपटॉप उघडला आणि छापलेला कागद काउंटरवर ठेवला. कागदावर तारीख होती, मथळा होता, आणि खाली काही नव्हतं.

रामदासकाकांनी कागद उलटा करून पाहिला. “एकसुद्धा नाही?”

“एकसुद्धा नाही.”

“म्हणजे आता तुम्ही तपास करणार. गिऱ्हाईक कुठे गेलं त्याचा.”

“आमच्याकडे तशी पद्धत आहे.”

रामदासकाकांनी रिंगांचं खोकं बाजूला सरकवलं, मग पुन्हा जवळ घेतलं. “ताई, एक सांगतो. माझ्यावर रागवा हवं तर, अण्णांवर नको.”

“सांगा ना.”

“शोधणारं गिऱ्हाईक नव्हतंच कधी. जेवण झालं, की अण्णा चष्मा लावून मोबाइलवर त्या शोधायच्या चौकटीत एका बोटाने लिहीत बसायचे. शुक्रवारी जास्त. म्हणायचे, रामदास, दहा ओळी तरी व्हायला हव्यात, नाहीतर पोरगी अर्ध्या तासात उठते. सुचेनासं झालं, की मला विचारायचे.” ते थांबले. “ते शेगडीच्या रागाचं माझं होतं.”

“चांगलं होतं.”

“अण्णांना पटलं नव्हतं. पण शुक्रवार होता.” त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. “तुम्ही बिचाऱ्या वर्षभर एवढी पानं लिहीत बसलात. मी म्हटलं, सांगून टाका. तर म्हणाले, कळलं तर ती यायची बंद होईल. माझ्यावर गेलीये, कामाशिवाय पाऊल टाकणार नाही.”

कादंबरीने कागदाची घडी घातली. रामदासकाका चहा सांगायला बाहेर गेले.

तिने लॅपटॉप मिटला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ती मोठ्याने म्हणाली, “बाबा, यादी ज्या अहवालातून निघते, त्यात किती जणांनी शोधलं तेही येतं. पहिल्या शनिवारपासून तिथे एकच माणूस होता. मी कामासाठी एकदाही आले नव्हते.”