जीप आली तरी पळायचं नाही

एटापल्लीपलीकडच्या त्या गावात जीपचा आवाज आला, की पोरं जंगलात पळायची. तपासणीला शाळा रिकामी दिसली तर ती बंदच होणार होती. म्हणून खुशाल गुरुजींनी वर्षभर दोन गोष्टी शिकवल्या होत्या. जीप आली तरी पळायचं नाही, आणि साहेबांनी विचारलं तर खरं सांगायचं.

आज जीप आली आणि एकही पोर जागचं हललं नाही. पण उतरले ते शाळा तपासणारे साहेब नव्हते, जंगल खात्याचे रेंजर होते.

"सागाच्या बल्ल्या, लांब वासे, चोरीले गेल्या," दारातून आत येत ते म्हणाले. मग पुढे बसलेल्या सुकरीपाशी थांबले. "तू चैतूची पोरगी ना? भिऊ नको. तुह्या बापानं कुठी लपवल्या, सांग."

बाप तुरुंगात गेला, तर ही पोर उद्यापासून शाळेत दिसणार नव्हती. हिनं आज एकदाच खोटं बोलावं, असं गुरुजींना वाटलं.

सुकरी शिकवल्याप्रमाणे उभी राहिली.

"लपवल्या नाई, साहेब." तिनं छपराकडे बोट केलं. "गुरुजी पावसात भिजून राह्यले होते, म्हणून बाबानं इथी लावल्या."