केरूभाऊंच्या ड्यूटीची लॉग फाइल

"केरूभाऊंना काढायचं असेल, तर आधी ही फाइल ऐका," असं म्हणत ऑफिसातला कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मोहिनीने धनराजशेठच्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि कुणी 'बस' म्हणायची वाट न बघता बसली.

दिंडोरी रोडवरच्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये चार दिवसांत द्राक्षांच्या नऊशे पेट्या नासल्या होत्या. दिवसाची ड्यूटी केरूची, म्हणून नोकरीही केरूचीच जाणार होती. एकवीस वर्षं इथे घालवलेला माणूस दाराशी हात बांधून उभा होता. मोहिनीला या अन्यायाचाच संताप आला होता.

"तापमानाच्या रजिस्टरमध्ये सगळं ठीकच लिहिलंय," शेठ म्हणाले. "पण हा पठ्ठ्या दिवसभराचे आकडे सकाळीच भरून ठेवतो. सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणूनच मी रजिस्टर आणलेलं नाही."

तापमानाचा प्रोग्रॅम तासातासाला एक आकडा दाखवायचा आणि तो पडद्यावरून वर सरकून नाहीसा व्हायचा. मोहिनीने गेल्या महिन्यात कमांडच्या शेवटी दोन बाण (>>) आणि एका फाइलचं नाव जोडलं. तेव्हापासून पडदा कोरा राहायचा आणि आकडे गुपचूप लॉग फाइलमध्ये जमा व्हायचे. फाइल कशी उघडायची, एका बोटाने टाइप कसं करायचं, हे तिने केरूलाही शिकवलं. ऑफिसातले लोक हसले. तिने त्यांना हसू दिलं.

"ताई, ऱ्हाऊ द्या," केरू हळूच म्हणाला. "मी बघंन दुसरीकडं काम."

"का म्हणून? तुम्ही काय चोरी केलीत?" ती शेठकडे वळली. "यातला एक जरी आकडा खोटा निघाला, तर माझाही राजीनामा घ्या."

तिने प्रिंटआउट उलगडला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. सोमवार, सकाळी सहा, अर्धा अंश. सात, पाऊण. आठ, अर्धा. मंगळवार तसाच. बुधवारही तसाच. कुठेही एका अंशाच्या वर काही गेलेलं नव्हतं.

शेठचा चेहरा उतरला. "म्हणजे माल बागेतूनच खराब आला म्हणायचा?"

"ते तुम्ही शोधा."

"बरं बाई, राहू दे त्याला कामावर. झालं समाधान?"

"नाही झालं. चार दिवस त्यांना चोरासारखं वागवलंत. आता आजचा दिवसही ऐका, पूर्ण."

"ताई, बास करा ना," केरू म्हणाला. तो दारापासून दोन पावलं पुढे आला.

मोहिनीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती भरात आली होती. "गुरुवार. सकाळी दहा, अर्धा. अकरा, पाऊण. बारा, अर्धा. दुपारी एक, पाऊण. दोन, अर्धा..."

शेठनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते.