शेंगोळ्यांबरोबर काय प्यावं

शैलाकाकूंनी घास ओठांपर्यंत नेला, भिंतीकडे वळल्या आणि पदराआड धरलेल्या रुमालात तो सोडून दिला. मग उगीच दोन-तीनदा जबडा हलवला.

"मीठ?" शंतनूने विचारलं.

"कणभर कमी वाटतंय."

"आणि बरोबर काय द्यायचं?"

"बडीशेपेचं सरबत. शेंगोळ्यांचं पीठ हुलग्याचं, हुलगा उष्ण, त्यातून लसूण सढळ. बडीशेप निववते त्याला."

शंतनू त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघत होता. त्याने शेंगोळ्यांत मीठ वाढवलं आणि वहीत लिहून घेतलं.

टीव्हीवरचा त्याचा स्वयंपाक रोज दुपारी अख्खा महाराष्ट्र बघायचा. त्याचे पाच पदार्थ घरोघर पोचले होते. आता स्वतःच्या गावात, बीड बायपासला, तो हॉटेल उघडत होता. दारू ठेवायची नाही, पण प्रत्येक पदार्थाला त्याचं स्वतःचं पेय हवं, असा त्याचा हट्ट. त्यासाठी काकूंना रोज चार वाजता बोलावणं असे.

कॉलनीतल्या सप्ताहाच्या सांगतेला तो पाहुणा म्हणून आला होता. काकूंनी वाळ्याचं सरबत केलं होतं. त्याने एक पेला घेतला, पण लक्ष सगळं माणसांकडे. लोक दुसऱ्यांदा रांगेत लागताहेत हे बघून तो थेट काकूंकडे आला होता.

त्याच्या तासभर आधीची गोष्ट. कीर्तन रंगात आलं होतं. बुवांनी हात वर केला, मृदंग थांबला, आणि ते अगदी घरातल्यासारखं म्हणाले, "माउली, देवाकडं पाऊस मागता, मग त्याच्यासाठी एखादी गोष्ट सोडून तर बघा." तिसरं कोरडं वर्ष. नळाला सहाव्या दिवशी पाणी. काकूंचे डोळे भरून आले आणि त्यांनी त्याच क्षणी, मनातल्या मनात, पाऊस पडेपर्यंत मीठ सोडलं. नेम बोलून दाखवायचा नसतो, हे त्यांना आईने शिकवलेलं. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न, असंही वाटलं होतं.

त्याला आता दीड महिना होत आला होता.

खरं सांगितलं असतं तर शंतनूने दुसरं कुणी बघितलं असतं. आणि मग पुन्हा चौथ्या मजल्यावरचं ते घर. यजमान जाऊन चार वर्षं झालेली. लेक हिमानीचा पुण्याहून फोन रविवारी. समोरच्या फ्लॅटात दर अकरा महिन्यांनी नवी माणसं, ओळख होते तोवर टेम्पो दारात. इथं शंतनू स्वतः खुर्ची ओढून म्हणायचा, "काकू, बसा." दिवसभरात त्यांना बसा म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

वासावरून त्यांना आंबट कळे, तिखट कळे, मसाला किती भाजला तेही कळे. चाळीस वर्षं चुलीपाशी काढलेली. मिठाला मात्र वास नसतो. ते त्या देवावर सोडत. रोजच 'बरोबर' म्हटलं तर शंका येईल म्हणून मधूनच 'कणभर कमी' म्हणत.

"काकू, कसं झालंय?" देवगाव रंगारीचा सांडू भांडी पुसता पुसता विचारायचा.

"तूच बघ की चाखून."

"छ्या. भांड्यात आमचा चमचा नाय. चाखायचं ते तुमी दोघांनीच. धा जिभा लागल्या की चव बिघडती म्हणतेत साहेब."

उरलेलं सांडूने खाऊन बघावं तर उरतही नसे. पाण्याची टंचाई, भांडी वाढवायची नाहीत, म्हणून दोन वाट्यांपुरतंच शिजे.

एकदा खिरीचं दूध लागलं. मागच्या अंगणात वाळा निवडत बसलेल्या काकूंना वास आला, सांडूही धावला. शंतनू शेगडीला खेटून वहीत लिहीत उभा.

"साहेब, दूध लागलं की."

"विचारात होतो रे."

"मोठी माणसं, काकू," सांडू नंतर हळूच म्हणाला. "समाधी लागती त्यांना. आपल्याला तर फोडणी जळली तरी बायको समाधीतून काढती."

काकू खूप दिवसांनी मनापासून हसल्या.

उद्घाटनाच्या दिवशीही आभाळ कोरडंच होतं. दुपारी साठ पानं मांडली गेली. येसर आमटीबरोबर जिऱ्याचं ताक, भरल्या वांग्याबरोबर आवळ्याचं पाणी, शेंगोळ्यांबरोबर बडीशेप, सगळं काकूंच्या सांगण्याप्रमाणे. त्या दाराआडून बघत होत्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी त्यांच्याच वयाची एक बाई एकटी बसली होती. नवं लुगडं, केसांत अबोलीची फुलं. किती दिवसांनी बाहेर जेवायला आली असेल. तिने पहिला घास उचलला आणि काकूंना उभं राहवेना.

खुर्ची गेली तर जाऊ दे. आधी शंतनूला सांगायचं. तो चाखेल, चूक सापडली तर बाकीची पानं तरी सावरेल.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. "शंतनू, मला एक सांगायचंय. अगदी आत्ताच."

"आधी माझं ऐका, काकू." त्याने त्यांना कोठीच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. तो काकूंच्या पाया पडायला वाकला. उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"घरी बायकोलासुद्धा हे माहीत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी तापात माझी चव गेली, वासही गेला, ते परत आलेच नाहीत. बाहेर गेलेलं प्रत्येक पान, काकू, फक्त तुमच्या जिभेच्या भरवशावर गेलंय."