गणतीतला पहिला

"दुसरा करणसिंग," आमशाने पुकारले, आणि वावरात जमलेली माणसे एकमेकांकडे पाहू लागली.

करणसिंग म्हणजे कौसाबाईंचे दिवंगत सासरे. कौसाबाई या गावात सून म्हणून आल्या, तेव्हापासून गणतीतली सासऱ्यांची पहिली जागा कोणी हलवू शकले नव्हते. आज ते एक पायरी खाली आले होते. एरवी कौसाबाईंनी आमशाला भर वावरात उभा सोलला असता. पण आज त्यांनी पदर सावरला, मान ताठ केली आणि पुढचे नाव ऐकण्यासाठी श्वास रोखला.

आमशाने डोक्याचे मुंडासे काढून काखेत धरले होते. हातात उरलेली गेडी त्याने भुईत रोवली. टोकाशी वाकलेली ती बोरीची काठी क्षणभर थरथरली.

"पहिला भीमसिंग."

भीमसिंग हा कौसाबाईंचा एकुलता एक मुलगा.

संक्रांतीला डोंगरातली आणि तापीकाठची माणसे कौसाबाईंच्या पडीत वावरात गेडीदडा खेळत. चिंध्यांचा दडा, वाकड्या काठ्या आणि संध्याकाळपर्यंत सुजलेल्या नडग्या. खेळाआधी गणती होई. आजवर जे खेळून गेले, त्यांत थोर कोण, हे पाचव्यापासून पहिल्यापर्यंत पुकारले जाई. पुकारणारा नेहमी समोरच्या बाजूचा म्हातारा असे. आपल्या माणसाची थोरवी वैऱ्याच्या तोंडून निघाली तरच ती खरी. यंदा ती पाळी डोंगरातल्या आमशाची होती. एक रीत मात्र कोणी ओलांडत नसे. गणतीत फक्त गेलेल्यांची नावे यायची. जित्या माणसाला त्या रांगेत उभे करायचे नाही.

कौसाबाईंना ही रीत कधीच पटली नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना कसला मान? भीमसिंगच्या गेडीला दडा लागला की तो मधाच्या पोळ्याला माशी चिकटावी तसा चिकटे. पुढे तो पलटणीत गेला. गेल्या सुटीत त्याने सांगितले होते, की सिमल्याला पाणी गोठून दगड होते, आणि साहेब लोक पायाला लोखंडाची पाती बांधून त्यावर गेडी खेळतात. सारा पार हसला होता.

"पानीवर गेडी?" गावातला दोधू म्हणाला होता. "मंग दडा काय मासा आनी देतस का?"

"हसा रे, हसा," कौसाबाईंनी दटावले होते. "तठे जर गणती व्हई ना, तरी पहिला मन्हाच भीमसिंग!"

ही लढाईच्या पाचव्या वर्षाची संक्रांत होती, आणि भीमसिंग ब्रह्मदेशाच्या मोर्चावर होता. त्याच्या माघारी त्याचे नाव गावाच्या कानांत घुमावे, एवढीच त्या माउलीची हाव होती. म्हणून मागच्या बाजाराला त्यांनी आमशाला मिरचीच्या ढिगाआड गाठले होते.

"यंदा मन्हा भीमसिंगनं नाव पहिलं ले. नही ते मन्हा वावरमा पाय ठेवू नको."

"जित्ता मानोसनं नाव लेत नहीत, माय. दीठ लागस."

"दीठ काढाले मी बशेल शे. तू नाव ले!"

आमशा तसाच निघून गेला होता. आणि आज त्याने नाव घेतले होते. डोंगर वाकला होता. कौसाबाईंचा ऊर भरून आला. सासऱ्यांनीही वरून हसून जागा दिली असेल, असे त्यांना वाटले.

"अरे, उभे काय ऱ्हायनात? गूळ वाटा!" त्यांनी हुकूम सोडला, आणि परात स्वतःच उचलून त्या माणसांतून फिरू लागल्या. पहिला मान त्यांनी वीरसिंगला दिला. हा आमशाचा पुतण्या, भीमसिंगच्याच पलटणीतला. कालच नंदुरबारच्या स्टेशनावर उतरला होता, आणि जखमी हात गळ्यात बांधून कौसाबाईंच्या दारावरून घोटभर पाणीही न मागता डोंगराकडे निघून गेला होता. त्याचा त्यांना राग आला होता. आजच्या दिवशी तो राग त्यांनी सोडून दिला.

"ले रे बेटा. तुन्हा दोस्तना गूळ शे."

वीरसिंगने चांगला हात पुढे केला नाही. त्याची नजर भुईवर होती. शेजारच्यानेही गूळ घेतला नाही. त्याच्या शेजारच्यानेही नाही. डोंगरातल्या खेळाडूंनी आपापल्या गेड्या हातातून खाली ठेवल्या. ज्याची जीभ टाळ्याला कधी लागत नसे, तो दोधू तोंडावर उपरणे धरून उभा होता.

जळफळाट झाला असेल मेल्यांचा, असे कौसाबाईंनी मनाशी म्हटले. त्या परात घेऊन आमशासमोर येऊन ठाकल्या. गणती संपली होती, तरी त्याने मुंडासे डोक्याला बांधले नव्हते.

"काय आमशा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मोडी ना शेवटी रीत? मन्हापुढे तुन्हा डोंगर बी वाकना का नही?"

आमशाने त्यांच्या हातातली परात हलकेच काढून घेतली आणि खाली ठेवली.

"मी रीत मोडी नही, माय."